वांद्र्याचीं जुनीं घरें व त्यांची खरेदीविक्री

शेत विकत घेणारा मनुष्य माती पाहतो, विहिरीचें पाणी पाहतो, बांधाला बांध लावून कोण राहतो तें विचारतो. बैल विकत घेणारा त्याचे दांत पाहतो. परंतु शहरांत घर विकत घेतांना काय पहावें, हें फार थोड्यांस सांगतां येतें. आपल्या श्रीगोंदा भागांतील कित्येक कुटुंबांचीं मुलें नोकरीधंद्याकरितां मुंबईस गेलीं आहेत व अजूनहि जात आहेत. प्रथम भाड्याची खोली, मग दूरच्या उपनगरांत एखादी लहानशी जागा, आणि मनांत मात्र समुद्रकांठच्या जुन्या वांद्र्याची ओढ, असा त्यांतील पुष्कळांचा क्रम असतो. मतमाउलीच्या डोंगरावरून उतरतांना, ‘येथें आपलें एक घर असतें तर!’ असें ज्याच्या मनांत आलें नाहीं असा यात्रेकरू विरळा. त्या घरांचा आजचा भाव काय, हें दलाल सांगेल. परंतु तीं घरें कोणीं बांधलीं, इतकीं वर्षें कशीं टिकलीं आणि आतां कां जात आहेत, हें सांगण्याचें काम इतिहासाचें आहे. आणि तें जाणल्यावांचून तेथें घर घेणारा मनुष्य पुरे पैसे मोजून अर्धीच वस्तु विकत घेतो.

श्रीगोंद्याच्या ज्युबिलीच्या पुस्तकांत वांद्र्याचा इतिहास कशाला, असा प्रश्न एखादा वाचक करील. त्यास उत्तर असें कीं, हा इतिहास आपणांस परका नाहीं. वांद्र्याचे मूळचे कॅथलिक रहिवासी, ज्यांस आज ईस्ट इंडियन म्हणतात, त्यांच्या घरची बोली ही मराठीचीच एक शाखा आहे. पोर्तुगीज शब्दांची पेरणी तींत पुष्कळ झाली, तरी तिचा कणा मराठीच राहिला. वांद्र्याच्या डोंगरावरील मारियामातेच्या देवळास लोक मोत माउली अथवा मतमाउली म्हणतात. आणि सप्टेंबर महिन्यांत आपल्या जिल्ह्यांत हरेगांव येथें जी मोठी यात्रा भरते तीहि आपण मतमाउलीच्याच नांवानें ओळखतों. तिसरा धागा राजकारणाचा असून तो खुद्द श्रीगोंद्याशीं जोडलेला आहे. तो पुढें योग्य स्थळीं येईल.

मुंबईच्या उत्तरेस साष्टी नांवाचें मोठें बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य टोकास, माहीमच्या खाडीच्या पलीकडे, वांद्रें वसलें आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्यानें केलेल्या तहान्वयें वसई, साष्टी व मुंबईचीं बेटें पोर्तुगीजांकडे गेलीं. पुढें वांद्र्यास जेसुइट धर्मगुरूंनीं आपलें ठाणें मांडलें. समुद्राला लागून असलेलें सेंट अँड्र्यूचें देऊळ हें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मानितात, आणि त्याच्या आवारांत प्रभूच्या दुःखसहनाचीं चिन्हें कोरलेला एकसंध दगडाचा उंच क्रूस आजहि उभा आहे. १६४० सालीं खाडीच्या मुखाशीं पोर्तुगीजांनीं किल्ला बांधला. तेथें गोड्या पाण्याचा झरा होता व येणारीं जाणारीं गलबतें त्या पाण्यासाठीं थांबत. म्हणून त्यास आग्वाद हें नांव पडलें.

परंतु वांद्रें हें त्या काळीं शहर नव्हतें. तें लहान लहान पाखाड्यांचें गांव होतें. रानवार, चुईम, पाली, शेर्ली, वरोडा, चिंबई हीं नांवें त्या पाखाड्यांचींच आहेत, आणि आजच्या रस्त्यांच्या गर्दींतहि तीं ऐकूं येतात. चिंबईस कोळी होड्या ओढीत. सखल भागांत भात पिके. माडांच्या बागा असत. प्रत्येक पाखाडीच्या तोंडाशीं अथवा चौकांत एक क्रूस असे, व तेथें शेजारपाजारचीं माणसें जमून रोजरीची प्रार्थना करीत. क्रूस कोणा एकाच्या मालकीचा नसे. तो पाखाडीचा असे, आणि त्याची डागडुजीहि पाखाडीच करी. ही गोष्ट लहान दिसते. परंतु पुढील सर्व हकीकतीचें बीज तिच्यांतच आहे.

१७३७ सालीं चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत साष्टीवर मराठ्यांचा अंमल बसूं लागला, आणि मे १७३९ मध्यें वसई पडली. त्या युद्धकाळांत डोंगरावरील मारियामातेचें देऊळ नष्ट झालें. तें १७६० च्या सुमारास पुन्हा बांधलें गेलें. हल्लींची इमारत १९०४ सालची आहे, आणि १९५४ सालीं पोपमहाशय बारावे पायस ह्यांनीं तिला बॅसिलिकेचा मान दिला. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकाविली. मग पेशवे व इंग्रज ह्यांचें युद्ध झालें, आणि त्याचा शेवट १७ मे १७८२ रोजीं सालबाईच्या तहानें झाला. हा तह ज्यांच्या मध्यस्थीनें घडून आला ते महादजी शिंदे होत, आणि त्यांच्या घराण्याचे वाडे आपल्या श्रीगोंद्यास होते. ह्या तहानें मराठ्यांस पुष्कळ मुलूख परत मिळाला, पण साष्टी मात्र इंग्रजांकडे कायम राहिली. वांद्र्याचें भवितव्य मुंबई बंदराशीं बांधलें गेलें तें ह्या तहामुळें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पोर्तुगीज, मराठे व इंग्रज अशा तीन राजवटी वांद्र्यावरून गेल्या. प्रत्येक वेळीं सारा घेणारा हात बदलला, परंतु भात लावणारा हात तोच राहिला. घरें, क्रूस व पाखाड्यांचीं नांवें जागच्या जागीं राहिलीं. तीन राजवटींनीं ज्या लोकांस हलविलें नाहीं, त्यांस पुढें खरेदीखतांनीं हलविलें.

तीं जुनीं घरें कशीं होतीं, तेंहि सांगितलें पाहिजे. लांकडी खांबांचा सांगाडा, जाड भिंती, उतरतें कौलारू छप्पर, पुढें ओटा अथवा पडवी, आणि वरच्या मजल्यास जाणारा जिना घराच्या बाहेरून. मंगळूर येथें बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढल्यावर तीं चपटीं तांबडीं कौलें सबंध किनाऱ्यावर पसरलीं, तशीं वांद्र्यासहि आलीं. बाहेरच्या जिन्याचा उपयोग असा कीं, वरची जागा भाडेकऱ्यास द्यावी व खालीं आपण रहावें, म्हणजे एकाचें येणेंजाणें दुसऱ्यास अडत नाहीं. मात्र ओटा सर्वांस सामाईक. संध्याकाळीं गल्लींतून जाणाऱ्याशीं ओट्यावर बसलेला मनुष्य बोलणारच. त्या घरांच्या रचनेंतच शेजारधर्म बांधलेला होता.

वांद्रें मुंबईच्या जवळ होतें, पण मध्यें खाडी होती. लेडी जमशेटजी ह्यांनीं सुमारें एक लक्ष सत्तावन हजार रुपये दिले व त्यांतून माहीमचा बांध तयार होऊन १८४५ सालीं रहदारीस खुला झाला. १८६७ सालीं विरार ते मुंबई अशी आगगाडी वांद्र्यावरून धांवूं लागली, आणि १८७६ सालीं तेथें नगरपालिका झाली. त्याच सुमारास, १८७८ सालीं, दौंड-मनमाड रेल्वे चालू होऊन आपल्या भागांतील माणसासहि मुंबईची वाट सोपी झाली. मुंबईच्या गोद्या, रेल्वे व कचेऱ्या ह्यांत इंग्रजी लिहितांवाचतां येणाऱ्या ख्रिस्ती माणसांस मागणी होती. गोमंतकाहून व मंगळुराहून कॅथलिक लोक मोठ्या संख्येनें येऊं लागले, तेव्हां येथील मूळ रहिवाशांनीं आपली ओळख निराळी रहावी म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, ईस्ट इंडियन हें नांव धारण केलें व त्याच नांवाची संस्था स्थापिली.

मग प्लेगाची सांथ आली. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगास ह्या गोमंतकीय कॅथलिक गृहस्थांनीं ही सांथ प्रथम ओळखली. शहरांतून लोक लक्षावधींनीं पळाले. पुष्कळांनीं मोकळ्या हवेसाठीं उपनगरांकडे धांव घेतली, आणि समुद्राच्या वाऱ्याचें वांद्रें त्यांस आवडलें. मुंबई व उपनगरांतील अनेक गल्ल्यांत उभारलेले प्लेगाचे क्रूस ह्याच काळाची साक्ष देतात. १८९८ सालीं मुंबई सुधारण्यासाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणें व नवे रस्ते काढणें हें त्याचें काम. शहरांतून निघालेल्या माणसाला जागा हवी होती, आणि वांद्र्याच्या शेतकऱ्याकडे जागा होती. जें शेत कालपर्यंत भाताच्या खंडींनीं मोजीत, तें आतां चौरस वारांनीं मोजूं लागले.

ह्या वेळीं वांद्र्याच्या लोकांपुढें दोन मार्ग होते. एक, ज्यानें त्यानें आपापलें शेत येईल त्या भावानें विकून मोकळें व्हावें. दुसरा, मिळून जमीन घ्यावी, मिळून रस्ते आंखावे, आणि मग घरें बांधावीं. सहकाराचा कायदा १९०४ सालीं झाला व १९१२ सालीं तो विस्तारला. १९१५ सालीं मुंबईंत गांवदेवी येथें सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली. ती ह्या प्रकारची हिंदुस्थानांतील पहिली म्हणून गणली जाते. तिच्या पाठोपाठ, १९१८ च्या सुमारास, वांद्र्यास साल्सेट कॅथलिक सहकारी गृहसंस्था उभी राहिली. एकट्या कारकुनास जी जमीन स्वप्नांतहि घेतां आली नसती, ती अनेकांनीं मिळून घेतली. झाडें लावलेले रुंद रस्ते, बंगल्याभोंवतीं मोकळी जागा, आणि विक्री करावयाची झाल्यास संस्थेची संमति, हा अशा वसाहतींचा पाया होता. धनवान नसलेल्या माणसांनीं समुद्रकांठीं ऐपतीचें घर मिळविलें, तें सावकाराच्या दारीं जाऊन नव्हे, तर शेजाऱ्याच्या हातांत हात घालून.

पाखाड्यांतील जुन्या घरांचें मात्र असें झालें नाहीं. तेथें मालकी ज्याची त्याची होती, आणि त्यांच्यावर एकामागून एक तीन ओझीं आलीं. पहिलें भाडेनियंत्रणाचें. १९४७ च्या कायद्यानें बहुतेक जुन्या जागांचें भाडें १९४० सालच्या मानावर बांधून ठेविलें. निर्वासित व गरीब भाडेकऱ्यास त्यानें आधार दिला, हें खरें. परंतु कौलें, वांसे व गवंडी ह्यांचे भाव कोणीं बांधले नव्हते. वरच्या मजल्याच्या भाड्यांत पावसाळ्यापूर्वीचें छप्परहि शाकारून होईना. दुसरें ओझें वारसाचें. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें मृत्युपत्र न करितां वारलेल्या ख्रिस्ती गृहस्थाच्या विधवेस एक तृतीयांश मिळतो, व उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्यें सारखे वांटले जातात. मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. कायदा न्यायाचा आहे. पण सहा मुलांच्या घरांत दुसऱ्या पिढीस प्रत्येकाचीं चार मुलें धरलीं, तरी एका घराचे चोवीस मालक होतात, आणि त्यांतील निम्मे परदेशीं असतात. चोवीस जण मिळून छप्पर दुरुस्त करीत नाहींत. चोवीस जण मिळून घर विकतात.

तिसरें ओझें भावाचें. १९५० सालीं वांद्रें मुंबई महानगरपालिकेंत सामील झालें. १९६३ सालीं सदनिकांच्या मालकीचा कायदा झाला व मजल्यावरचें घर स्वतंत्रपणें विकत घेण्याची रीत रूढ झाली. एका बैठ्या घराच्या जागेवर अनेक घरें उभीं राहूं शकतात, म्हटल्यावर त्या जागेची किंमत तिच्यावरील घराच्या किंमतीहून कितीतरी अधिक झाली. ३० जून २००९ रोजीं वांद्रें-वरळी सागरी सेतु खुला झाला आणि दक्षिण मुंबई आणखी जवळ आली. म्हाताऱ्या मालकास एका सहींत जी रक्कम मिळते, ती त्याच्या बापानें जन्मभराच्या नोकरींत पाहिली नव्हती. त्यानें सही केली म्हणून त्यास दोष देणें सोपें आहे. त्याच्या गळत्या छपराखालीं एक पावसाळा काढणें सोपें नाहीं.

हें केवळ वांद्र्यासच घडलें असें नाहीं. गिरगांवांत खोताची वाडी म्हणून जी कॅथलिक घरांची प्रसिद्ध वस्ती आहे, ती अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभु गृहस्थांनीं ख्रिस्ती कुटुंबांस जागा दिल्यानें वसली. तेथें एके काळीं पासष्ट घरें होतीं; आज त्यांतलीं निम्मींहि उरलेलीं नाहींत. एक घर पडलें कीं गल्लींत ऊन यावयाचें त्या ठिकाणीं सावली येते, शेजारच्या भिंतीस ओल धरते, आणि मग तोहि मालक विकण्याचा विचार करूं लागतो. घरें एकटीं पडत नाहींत. तीं एकमेकांस घेऊन पडतात.

आतां आपल्या ज्या बांधवांस अशा वस्तींत जागा घ्यावयाची असेल, त्यांच्याकरितां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. गांवीं आपण सातबारा पाहतों. शहरांतील सिटी सर्व्हेच्या हद्दींत त्याचें काम मालमत्ता पत्रक करितें. त्यावरील नांवें व विकणाऱ्याचें नांव ताडून पहावें. नांव आजोबांचें असून विकणारा नातू असेल, तर मधल्या सर्व वारसांची संमति लेखी मागावी. एक वारस राहिला तरी खटला उभा राहतो. शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावर मिळकतीचें खरेदीखत १९०८ च्या कायद्यानें नोंदविलेंच पाहिजे. साध्या कागदावरच्या साठेखतावर अगर तोंडच्या शब्दावर पैसे देऊं नयेत. घरांत भाडेकरी असल्यास त्याचा हक्क घराबरोबर आपल्याकडे येतो, हें विसरूं नये. पागडीची जागा ही मालकीची जागा नव्हे. १९९९ च्या कायद्यानें पागडीस मान्यता दिली, तरी ती घेणारा भाडेकरीच राहतो. समुद्राजवळच्या जमिनीस १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेपासून किनारी बांधकामाचे निर्बंध लागू आहेत व ते पुढें वेळोवेळीं बदलले आहेत. म्हणून ‘पुढें मजले चढवितां येतील’ ह्या आशेवर किंमत देऊं नये. नवी इमारत असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालीं तिची नोंद आहे कीं नाहीं, आणि जुनी असेल तर खालची जमीन सोसायटीच्या नांवावर झाली आहे कीं अद्याप बांधणाऱ्याच्याच नांवावर आहे, हें विचारावें. आणि शेवटीं, दलालास न घेतां, एखाद्या संध्याकाळीं त्या गल्लींत जावें व ओट्यावर बसलेल्या माणसाशीं बोलावें. पाणी कधीं येतें, पावसांत कोठवर सांचतें, क्रूसाची काळजी कोण घेतें, हें तो सांगेल. तें कोणत्याहि दस्तऐवजांत नसतें.

सहकारी वसाहतींविषयीं एक अवघड प्रश्नहि येथें उभा राहतो, व तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. एका समाजाच्या माणसांनींच सभासद व्हावें असा नियम कांहीं संस्थांत असे. अहमदाबाद येथील पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा नियम बेकायदा ठरत नाहीं, असा निर्णय दिला. लहान समाजास त्यामुळें एकत्र राहतां येतें, हें खरें आहे. परंतु आपल्या जिल्ह्यांतील आपणां कॅथलिकांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांस गांवकुसाबाहेर राहावें लागलें; कुंपणाच्या बाहेरून तें कसें दिसतें, हें आपणांस कोणीं सांगावयास नको. वांद्र्याचें कुंपण ज्या दिवशीं बांधलें त्या दिवशीं तें गरीब कारकुनाच्या रक्षणासाठीं होतें. आज त्याच्या आंत जमिनीचा भाव इतका चढला आहे, कीं तसल्याच गरीब कारकुनास, मग तो कॅथलिक असो वा नसो, आंत पाऊल टाकतां येत नाहीं. नियमानें शेजार राखतां येतो. पण शेजार कशासाठीं राखावयाचा, हें नियमांत लिहिलेलें नसतें. तें दर पिढीनें नव्यानें ठरवावें लागतें.

वांद्र्यापासून आपण काय घ्यावें? समुद्र आपल्याकडे नाहीं, आणि तेथील भावहि नाहींत. परंतु गांवठाणांतील वडिलोपार्जित घर, पुण्यामुंबईस गेलेलीं मुलें, कुलूप लावलेलें दार, आणि एके दिवशीं कोणासहि न विचारतां झालेली विक्री, हें आपल्याकडेहि पाहावयास मिळतें. त्यावर उपाय फार मोठे नाहींत. वडिलांनीं हयातींत मृत्युपत्र करावें. वारसांचीं नांवें वेळच्या वेळीं उताऱ्यावर चढवावीं. दुरुस्तीचा खर्च भावंडांनीं दरवर्षीं थोडा थोडा काढून ठेवावा. विकणें भागच असेल, तर प्रथम शेजाऱ्यास विचारावें. कायदा तसें सांगत नाहीं, पण शेजारधर्म सांगतो. आणि जेथें पांचदहा कुटुंबांस घर बांधावयाचें आहे, तेथें त्यांनीं एकेकट्यानें सावकार गांठण्यापूर्वीं एकत्र बसून १९१८ च्या त्या कारकुनांची आठवण करावी.

ज्युबिलीच्या दिवशीं आपण देवळाच्या भिंती रंगवितों व तोरणें बांधितों. देऊळ मात्र भिंतींनीं भरत नाहीं. तें आसपासच्या घरांनीं भरतें. ज्या धर्मग्रामांतील घरें एकामागून एक परक्या हातीं जातात, तेथें मिस्साची घंटा वाजते, पण ती ऐकून निघणारें दार उघडत नाहीं. वांद्र्याच्या कांहीं पाखाड्यांत अजूनहि मे महिन्यांत क्रूसाभोंवतीं माणसें जमतात, जुन्या घरांतलीं व नव्या मजल्यांवरचींहि. ज्यांनीं घर घेतांना शेजारहि घेतला, तेच तेथें आहेत. आपल्या श्रीगोंद्याच्या घरांवर व घराबाहेर गेलेल्या आपल्या मुलांवर परमेश्वराची कृपादृष्टि राहो, आणि पुढील ज्युबिलीस हीं दारें उघडीं असोत.